हरळांमाजी रत्नकिळा: नव्या श्रद्धेला मराठी शब्द शोधणारी माणसं

ओवीबद्ध (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

शाळेत मराठी शिकवत होते तेव्हा शेवटची दहा-बारा वर्षं २७ फेब्रुवारीला मी फळ्यावर एकच ओवी लिहायचे.

जैसी हरळांमाजी रत्नकिळा
कि रत्नांमाजी हिरा निळा
तैसी भासांमाजी चोखळा
भासा मराठी

कुणाची, असं विचारलं की निम्मा वर्ग ज्ञानेश्वर म्हणायचा आणि उरलेला एकनाथ. लिहिणारा इंग्लंडातल्या विल्टशायरमध्ये जन्मला होता हे सांगितलं की वर्ग गप्प व्हायचा. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, पण त्यांना मराठी कशाला हवी होती? त्यांची स्वतःची भाषा होती की." तेवढ्यात तास संपला आणि उत्तर राहून गेलं. तिला द्यायचं राहिलेलं उत्तर शोधायला हा धागा काढते आहे.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमाराचा. त्या काळच्या इंग्लंडात कॅथलिक राहणं जिवावरचं होतं. ते रोमला गेले आणि १५७५ मध्ये येशूसंघात (जेझुइट संघात) दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून जहाजात बसले, २४ ऑक्टोबरला गोव्याला उतरले. सतरा दिवसांत, १० नोव्हेंबरला, त्यांनी वडिलांना लांबलचक पत्र लिहिलं. वारे, दिशा, समुद्रावरचे पक्षी, हिरड्या सुजून माणसं कशी आजारी पडतात, सगळं त्यात आहे. भारतात येऊन स्थायिक झालेला पहिला इंग्रज म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. व्यापार करायला ते आले नव्हते, आणि परतही गेले नाहीत. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं गोव्यातल्या सासष्टीत (मुंबईजवळची साष्टी वेगळी) राहून १६१९ मध्ये ते तिथेच वारले.

१५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात ते म्हणतात की इथल्या भाषांची घडण लॅटिन आणि ग्रीकसारखी आहे. विल्यम जोन्स यांचं संस्कृतबद्दलचं प्रसिद्ध भाषण १७८६ चं, म्हणजे दोनशे वर्षांनंतरचं. स्टीफन्स यांनी कोकणीचं व्याकरण पोर्तुगीजमध्ये लिहिलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये सासष्टीतल्याच रायतूरला छापलं गेलं आणि भारतीय भाषेचं पहिलं छापील व्याकरण ठरलं.

आणि मग ख्रिस्तपुराण. छापलं १६१६ मध्ये, रायतूरलाच. दोन भाग, जवळजवळ अकरा हजार ओव्या. मराठी अक्षरांचे खिळे (छपाईचे टाइप) नव्हते, म्हणून रोमी लिपीत पोर्तुगीज वळणानं छापलं. मराठी खिळे पाडून मिळावेत म्हणून स्टीफन्स यांनी वरिष्ठांना कळकळीनं लिहिलं होतं, ते त्यांच्या हयातीत झालं नाही. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छपाई झाली, पण तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. ग्रंथ टिकला तो हाताने उतरवलेल्या वह्यांतून. मंगळूरकडच्या कॅथलिक घरांतल्या अशा वह्या जुळवून १९०७ साली सालढाणा यांनी तो पुन्हा छापला, आणि १९५६ मध्ये पुण्यात बंडेलूंनी देवनागरीत आणला.

आता त्याची सुरुवात बघा: "ॐ नमो विश्वभरिता". ज्ञानेश्वरीच्या "ॐ नमो जी आद्या"च्या उंबऱ्यावर उभं राहून केलेलं हे ख्रिस्ती नमन आहे. स्वर्गाला शब्द कुठला, तर वैकुंठ. आई-आजीच्या तोंडी असलेला शब्द न बदलता त्यात त्यांनी नवा अर्थ ओतला.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्याकडच्या ख्रिस्ती संतांची, लेखकांची आयुष्यं वाचताना आपण धर्मांतराच्या तारखेपाशी थांबतो. तिथून पुढे खरी कसोटी होती ती शब्दांची. देवाला आता काय म्हणायचं? पापाला, क्षमेला, प्रसादाला काय म्हणायचं? पंडिता रमाबाई, ना. वा. टिळक, लक्ष्मीबाई, बाबा पदमनजी, प्रत्येकानं याचं उत्तर वेगळं दिलं. तुम्हाला यातलं कोण जवळचं वाटतं, आणि का, ते लिहा.

---

गासवाट

ताई, धागा वाचून सकाळची कामं बाजूला ठेवली.

मी वसईचा, कुपारी समाजातला. आमच्या घरात दोन मराठी आहेत, एक ओटीवरची आणि एक चर्चमधली. घरात आम्ही कादोडी बोलतो. चर्चमध्ये माझ्या वडिलांच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. आजोबा सगळी उत्तरं लॅटिनमध्ये पाठ म्हणायचे आणि त्यातलं एक अक्षर त्यांना कळायचं नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे साठीच्या दशकात, मिस्सा मराठीत आली. वडील सांगतात, पहिल्यांदा "आमच्या स्वर्गातील बापा" मराठीत सगळ्यांनी एकत्र म्हटलं तेव्हा पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या रडत होत्या. आयुष्यभर ज्याच्याशी बोललो त्याला आपण काय म्हणत होतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

शब्दांवरून एक अनुभव. माझी बायको प्रोटेस्टंट घरातली, मराठवाड्याकडची. आमच्या मुलाच्या वेळी माझी आई सगळ्यांना "स्नानसंस्कार कधी" विचारत होती आणि सासूबाई "बाप्तिस्मा कधी" विचारत होत्या. एकाच विधीची दोन नावं, दोन्ही मराठी. आमच्याकडे "फादर", त्यांच्याकडे "पाळकसाहेब". आमचं "चर्चला जातो", त्यांचं "उपासनेला जातो". लग्नानंतरची दोन वर्षं आम्ही एकमेकांच्या घरचा देव नव्याने शिकत होतो, आणि देव तर एकच होता.

संतांमध्ये मी आमच्या गोन्सालो गार्सियांचं नाव घेईन. जन्म वसईचा, १५५६-५७ च्या सुमारास. वडील पोर्तुगीज, आई इथली. आधी व्यापार, मग फ्रान्सिस्कन संघात ब्रदर. जपानी भाषा त्यांना उत्तम येत होती, म्हणून तिथल्या धर्मगुरूंचे दुभाषे झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला सव्वीस जणांना क्रुसावर चढवलं, त्यात ते होते. ८ जून १८६२ ला संत म्हणून जाहीर झाले, भारतात जन्मलेले पहिले संत. गासला त्यांच्या नावाचं चर्च आहे.

सणाच्या दिवशी प्रवचनात त्यांचं हौतात्म्य दरवर्षी ऐकतो. मला मात्र तो दुभाषाच आठवतो. वसईच्या आईचं पोर जपानात बसून दुसऱ्याचं बोलणं तिसऱ्याला समजावतं आहे! लिहिलेलं त्यांचं काही आमच्यापर्यंत आलं नाही, पण तुमच्या या धाग्यात त्यांना जागा हवी असं वाटतं.

---

झुआरीकाठ

माझं घर सासष्टीतच आहे, रायतूरहून फार लांब नाही. म्हणून मला हे लिहायलाच हवं.

स्टीफन्स यांच्या ओव्या सुंदर आहेत. पण ज्या जमिनीवर त्या उगवल्या तिचं काय झालं होतं ते सांगितल्याशिवाय "किती गोड मराठी" म्हणणं मला जमत नाही. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, सुरू झालं. १५६७ मध्ये सासष्टीतली देवळं पाडली गेली. त्या वर्षांत देव मूर्तींसह रातोरात नदीपार गेले. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला, कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला. गावांतली पुराणं, पोथ्या गेल्या. ज्या माणसांना स्टीफन्स पुराण देत होते, त्यांची आधीची पुराणं पोर्तुगीज राज्यकर्त्यांनी काढून घेतली होती.

जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार केलं. त्यांचे देह मिळवायला गेलेल्यांत स्टीफन्स स्वतः होते, भावाला लिहिलेल्या ज्या पत्राचा उल्लेख वर झाला तेही त्याच वर्षीचं. ते पाचजण पुढे धन्यवादित झाले (संतपदाच्या आधीची पायरी). पण कुंकळ्ळीच्या गावकारांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारलं गेलं. आमच्याकडे लोक दोन्ही गोष्टी लक्षात ठेवतात. मी कॅथलिक आहे आणि मीही ठेवतो.

आणखी एक. १६८४ मध्ये हुकूम निघाला की लोकांनी तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावं. ज्या राज्यात पुराण छापलं गेलं त्याच राज्यात सत्तर वर्षांत भाषा बंद करायची आज्ञा निघाली. स्टीफन्स यांचं भाषेवरचं प्रेम खरं होतं यात मला शंका नाही. पण त्यांच्या मागे उभी असलेली सत्ता त्या प्रेमाची नव्हती.

---

ओवीबद्ध

झुआरीकाठ, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं झालं. माझ्या पहिल्या पोस्टमध्ये ही बाजू यायला हवी होती, मी ती सोडली ही चूकच.

तुमचं वाचून मला पुराणाची सुरुवात पुन्हा उघडावीशी वाटली. तिथे नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रींना विचारतो, आणि त्याच्या विचारण्याचा मथितार्थ असा: आमची पूर्वीची पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हाला काय देता? मन रमवायला, वेळ घालवायला काहीतरी हवं. म्हणजे जी पोकळी तुम्ही दाखवलीत ती ग्रंथातच बोलून दाखवली आहे. लेखकानं ती लपवली नाही. त्या प्रश्नातूनच त्यांचं काव्य सुरू होतं. यानं देवळांची भरपाई होत नाही. पण ज्यांचं हिरावलं होतं त्या माणसाचा आवाज पहिल्याच पानावर आहे, हे मला महत्त्वाचं वाटतं.

भाषेबद्दल त्यांनी प्रस्तावनेत लिहिलं आहे तेही सांगते. परमेश्वराच्या गोष्टी निरूपण करायला मराठी योग्य वाटली, पण शुद्ध मराठी सर्वसाधारण लोकांना कळत नाही, म्हणून अवघड शब्द सोडून ब्राह्मणांच्या बोलीतले सोपे शब्द ठायी ठायी मिसळले. ही बोली म्हणजे कोकणी. नको तिथे पांडित्य न दाखवता ऐकणाऱ्याच्या कानाकडे बघून लिहिणं हे कुठल्याही कीर्तनकाराला पटेल.

---

पाटीपुस्तक

मला सगळ्यात जवळच्या पंडिता रमाबाई. आणि त्यांनी शब्दांच्या बाबतीत स्टीफन्स यांच्या अगदी उलट वाट धरली, म्हणून सविस्तर लिहिते.

जन्म २३ एप्रिल १८५८, गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आधी बायकोला संस्कृत शिकवलं, त्यासाठी समाजाचा रोष घेतला, आणि मग आईनं रमाबाईंना शिकवलं. तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत कुटुंब देशभर फिरलं. १८७४ च्या दुष्काळात आई-वडील गेले, पुढे बहीणही गेली. उरलेल्या भावाबरोबर त्या पायी चालत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना "पंडिता" आणि "सरस्वती" म्हटलं. वीस वर्षांची मुलगी! हजारो श्लोक मुखोद्गत, आणि पोटात अन्न नाही अशा वर्षांतून आलेली.

१८८० मध्ये बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी विवाह. १८८२ मध्ये ते पटकीनं गेले. कडेवर मनोरमा. त्याच वर्षी पुण्यात आर्य महिला समाज, 'स्त्रीधर्मनीति', हंटर आयोगापुढे साक्ष. १८८३ मध्ये इंग्लंड, आणि २९ सप्टेंबरला वाँटेजच्या मठात बाप्तिस्मा. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेल्या. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं. तिथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, पुढे त्याच धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या.

बहुतेकांच्या डोक्यात रमाबाईंचं चित्र इथे संपतं: हिंदू रूढींविरुद्ध लढली आणि ख्रिस्ती झाली. पण त्या ख्रिस्ती झाल्यावरही कुणापुढे मान झुकवायला तयार नव्हत्या. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा वर्षानुवर्षं पत्रव्यवहार होता. त्यात त्या स्पष्ट लिहितात की इतक्या कष्टानं मी पुरोहितांचं एक जोखड मानेवरून उतरवलं आहे, दुसरं तसलंच घ्यायची माझी तयारी नाही. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती, तर त्या म्हणाल्या मला लॅटिन येत नाही, माझ्या लोकांनाही येत नाही, लिहायचं तर संस्कृतमध्ये लिहा. मला हे वाचताना भरून येतं. परदेशात, दुसऱ्यांच्या छपराखाली, मुलीसह राहणारी विधवा हे बोलते आहे.

इकडे १८९३ मध्ये सदनातल्या मुलींना ख्रिस्ती करतात या आरोपावरून रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले. दोन्हीकडून एकट्या पडल्या. मग केडगाव, तिथलं मुक्ती मिशन. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी उपाशी मुली, विधवा गोळा करून आणल्या. स्वतः लहानपणी त्याच भुकेतून आलेल्या होत्या. १९०० पर्यंत मुक्ती मिशनमध्ये दीड हजारांच्या आसपास बायका-मुली होत्या. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना, सगळं त्याच चालवत.

आणि शब्दांचा मुद्दा इथे येतो. त्यांना दिसलं की बायबलचं प्रचलित मराठी या बायकांना कळत नाही, ते शिकलेल्यांच्या संस्कृतप्रचुर मराठीत आहे. म्हणून पन्नाशीच्या आसपास त्या मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबल पुन्हा भाषांतरित करायला बसल्या. जिला संस्कृतची खाण म्हणावं अशा बाईनं संस्कृत शब्द वेचून बाहेर काढले. कारण दुहेरी होतं. एक, ते बायकांना कळत नव्हते. दुसरं, त्या शब्दांना जुन्या धर्मग्रंथांचा अर्थ चिकटलेला आहे, तो आपल्या श्रद्धेत मागच्या दारानं येतो असं त्यांना वाटे. खिळे जुळवणाऱ्या बायका मुक्तीतल्याच, छपाई तिथलीच. १९२१ मध्ये मनोरमा गेली. रमाबाईंनी शेवटची मुद्रितं तपासून संपवली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. छापून पूर्ण झालेलं बायबल त्यांनी पाहिलं नाही.

स्टीफन्स यांनी "वैकुंठ" शब्द ठेवला कारण तो आजीच्या तोंडी होता. रमाबाईंनी तसले शब्द टाकले कारण त्यांच्या आजीच्या, आईच्या पिढीला त्या शब्दांनी काय दिलं ते त्यांना माहीत होतं. मी रमाबाईंच्या बाजूची आहे.

---

दूरदेशी

फक्त वाचत होतो, पण पाटीपुस्तक यांच्या पोस्टनंतर राहवलं नाही. क्रुसावरच्या संस्कृत अक्षरांची गोष्ट मला माहीत नव्हती. मी पंचवीस वर्षं परदेशात आहे, अक्षरं कुठली आहेत यानं माणसाला काय वाटतं ते मला कळतं.

मला यातलं काहीच वाचलेलं नाही. कुठून सुरुवात करू?

---

नगरी वेस

दूरदेशी, लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'पासून करा. दुसरा विचार करू नका.

आम्ही नगरचे. शहराचं नाव आता बदललं, पण तोंडात नगरच. माझे पणजोबा टिळकांच्या उपासनेला बसलेले आहेत, त्यामुळे मी थोडा पक्षपाती असेन.

नारायण वामन टिळक, जन्म ६ डिसेंबर १८६१, दापोलीकडचं करजगाव. 'केवढे हे क्रौर्य!' शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाशी त्यांच्या गप्पा झाल्या, विषय संस्कृत काव्याचा. उतरण्यापूर्वी त्यानं नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं म्हणाला. डोंगरावरचं प्रवचन वाचताना टिळक हलले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा झाला. घरी कळवलं नव्हतं.

लक्ष्मीबाई, माहेरच्या गोखले, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुवून घेत. अकराव्या वर्षी लग्न. ही बाई एका दिवसात नवऱ्याला असून नसल्यासारखी झाली. जवळजवळ साडेचार वर्षं ती मुलाला, दत्तूला, घेऊन वेगळी राहिली, काही काळ पंढरपुरात. मग दोघं एकत्र आली, तरी घरात तिची चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळकांनी त्यावर जोर केला नाही. पुढे स्वतःच विचार करकरून तिला वाटलं की माणसामाणसांतला हा विटाळ देवानं केलेला असूच शकत नाही. आधी जात सुटली, बाप्तिस्मा नंतर, १९०० मध्ये. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. ती कुणाच्या मागे गेली नाही, स्वतःच्या पायांनी त्याच जागी पोचली.

आता शब्दांचं. टिळक म्हणत, मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. म्हणून त्यांची भजनं अभंगाच्या चालीत बसतात. नगर, राहुरी, संगमनेरच्या खेड्यांत आजही टाळ-मृदंगावर ती म्हटली जातात. 'उपासना संगीत' उघडा, कितीतरी पदांखाली त्यांचं नाव दिसेल. ते 'ज्ञानोदय' या मिशनच्या नियतकालिकाचं मराठी अंग सांभाळत, घरात बालकवी ठोमऱ्यांसारखा पोरगा मुलासारखा वाढवत. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही जागा. ९ मे १९१९ ला ते गेले. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अर्धवट राहिलं.

आणि ते पुरं कुणी केलं? लक्ष्मीबाईंनी. ज्यांना अक्षरओळख लग्नानंतर नवऱ्यानं करून दिली, त्यांनी ६४ अध्याय लिहिले. मुलाच्या आग्रहानं आठवणी लिहायला घेतल्या, १९३४ पासून 'स्मृतिचित्रे'चे भाग येत गेले, आणि २४ फेब्रुवारी १९३६ ला त्या वारल्या.

त्या पुस्तकात एकही वाक्य असं नाही की जे बोलताना कुणी म्हणणार नाही. स्टीफन्स की रमाबाई, जुना शब्द की नवा, या वादात लक्ष्मीबाई पडल्याच नाहीत. पोळी, चूल, प्लेग, भांडण, प्रार्थना, सगळं त्यांनी एकाच भाषेत लिहिलं. धर्म बदलला तरी त्यांच्या मराठीची कूस बदलली नाही.

---

ओवीबद्ध

नगरी वेस, "त्याच जागी पोचली" हे वाचून थांबले. सुंदर लिहिलंत.

पाटीपुस्तक, तुमच्याशी थोडा वाद घालायचा आहे. रमाबाईंबद्दलचा आदर तुमच्याइतकाच. पण त्यांचं भाषांतर मंडळ्यांमध्ये रुजलं नाही. उपासनेत वाचलं जातं ते बायबल सोसायटीचं. मला वाटतं भाषेतले शब्द असे धुवून घेता येत नाहीत. (वर मिठाचा उल्लेख आला आहे म्हणून हा शब्द सुचला.) "पुण्य", "भक्ती", "कृपा" यांतून जुना अर्थ काढून टाकला तर शब्दाचा ओलावाही जातो. स्टीफन्स, टिळक लोकांच्या ओठांवर राहिले कारण त्यांनी ओलावा ठेवला.

---

पाटीपुस्तक

रुजलं नाही हे खरं. पण कशासाठी केलं ते बघायला हवं. टिळकांच्या अभंगाचा ओलावा ज्याला लागतो त्याच्याकडे अभंग आधीपासून असतो. वारीला गेलेला, कीर्तन ऐकलेला माणूस. रमाबाईंच्या समोर दुष्काळातून आलेली बारा वर्षांची मुलगी होती, कदाचित मराठीही धड न येणारी, कुठल्याच पोथीच्या जवळ जिला कुणी बसू दिलं नव्हतं. तिच्यासाठी "जुना अर्थ" नव्हताच. तिला पहिल्यांदाच वाचता येणारं पुस्तक द्यायचं होतं, आणि ते जुळवणारे हात तिच्यासारखेच असावेत हेही. आपण ज्याला अपयश म्हणतो ते छापखान्यात उभं राहून खिळे लावणाऱ्या त्या मुलीला अपयश वाटलं असेल का?

बाबा पदमनजींचं नाव तुम्ही घेतलंत म्हणून जोडते. १८५७ सालचं 'यमुनापर्यटन', विधवांच्या हालांवरची कादंबरी, मराठीतली पहिली मानली जाते. तेव्हा नवधर्माच्या माणसाला मराठीत सगळ्यात आधी सांगावंसं वाटलं ते विधवांचं दुःख. रमाबाई त्याच ओळीतल्या.

---

ओवीबद्ध

"जिला कुठल्याच पोथीच्या जवळ कुणी बसू दिलं नव्हतं." यावर माझ्याकडे उत्तर नाही. मागच्या बाकावरची ती मुलगी आता कुठे आहे माहीत नाही, पण तिचा प्रश्न मी चुकीच्या बाजूनं सोडवत होते असं वाटायला लागलं आहे. स्टीफन्स यांना मराठी कशाला हवी होती, एवढाच विचार करत बसले. मराठी ज्यांना मिळत नव्हती त्यांचा विचार केला नाही.

---

झुआरीकाठ

मला वाटतं दोन्ही बाजू एकाच माणसात असू शकतात. आमचे जोसेफ वाझ बघा. २१ एप्रिल १६५१ ला बाणावलीला जन्म, म्हणजे सासष्टीच. डच सत्तेखाली श्रीलंकेतल्या कॅथलिकांना धर्मगुरूच उरले नव्हते, हे कळल्यावर १६८७ मध्ये ते भिकाऱ्याच्या वेशात जाफन्याला उतरले. मागे पोर्तुगीज सत्ता नाही, तोफा नाहीत, दारोदार भीक मागत लपलेली माणसं शोधायची. तमिळ शिकले, सिंहली शिकले. कँडीत आधी हेर म्हणून तुरुंगात पडले, नंतर देवीच्या साथीत सगळ्या धर्मांच्या रोग्यांची सेवा केली. १६ जानेवारी १७११ ला तिथेच गेले. १४ जानेवारी २०१५ ला कोलंबोत त्यांना संत घोषित केलं, तेव्हा आमच्या वाड्यावर फटाके वाजले.

स्टीफन्स यांच्या बाबतीत मला जे टोचतं ते वाझ यांच्या बाबतीत टोचत नाही. दुसऱ्याची भाषा शिकताना तुमच्या हातात काय आहे, यावर खूप काही ठरतं. तरीही काल रात्री कपाटातलं ख्रिस्तपुराण काढलं. बऱ्याच वर्षांनी.

---

दूरदेशी

'स्मृतिचित्रे' मागवलं, आलं. आईला रोज फोनवर दहा पानं वाचून दाखवतो. तिची नजर गेली आहे. काल मिठाच्या गोष्टीला ती म्हणाली, "माझी आत्या अशीच होती रे," आणि मग अर्धा तास ती तिच्या आत्याबद्दल बोलत राहिली. मला आत्या होती हेच माहीत नव्हतं.

---

गासवाट

ओवीबद्ध ताई, एक प्रयोग केला. आजीला (वय ब्याण्णव, शाळेत गेलेली नाही) पुराणातल्या मराठीच्या ओव्या वाचून दाखवल्या. तिला आधी कुणाच्या, कशाच्या, काही सांगितलं नाही. "जैसी पुस्पांमाजि पुस्प मोगरी, कि परिमळांमाजि कस्तुरी" इथपर्यंत आलो आणि ती मान हलवायला लागली. मग म्हणाली, असं वाचतात का, हे गायचं असतं. आणि आमच्याकडे लग्नाच्या आदल्या रात्री बायका मांडवात बसून जी गाणी म्हणतात, त्या चालीवर तिनं ती ओवी म्हटली. बरोब्बर बसली. शेवटच्या "मराठिया"ला तिनं जो हेल दिला तो मला लिहून दाखवता येणार नाही.

तिसरी ओवी, "पखियांमध्यें मयोरु", मी वाचली आणि तिनं लगेच म्हटली. मग विचारलं, "पुडं?"

---

ओवीबद्ध

पुढे "तारांमध्यें बारा रासी" आहे. फोन जवळ ठेवा आणि आजीचा आवाज टिपून ठेवा. आजच.